नास्तिकाने बायबल वाचावे काय?

ज्याचा देवावरच विश्वास नाही त्याने देवाचे म्हणून सांगितलेले पुस्तक कशासाठी वाचावे, हा प्रश्न वरवर पाहता बिनतोड वाटतो. ख्रिस्ती मनुष्याशी वाद घालू पाहणाऱ्या नास्तिकास नेहमी सांगण्यात येते की, आधी बायबल वाचा आणि मग बोला. त्यावर त्याचे उत्तरही ठरलेले असते. भुतावर विश्वास नाही एवढे सांगण्यासाठी पंचाक्षऱ्याची पोथी पाठ करावी लागत नाही, असे तो म्हणतो. या दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. ती कोठे अपुरी पडतात हे पाहण्यासाठी टॉमस पेनच्या ‘दि एज ऑफ रीझन’ या ग्रंथाइतका उपयुक्त ग्रंथ आम्हांस दुसरा दिसत नाही. जोतीराव फुले यांच्या विचारांवर पेनच्या ‘राइट्स ऑफ मॅन’चा ठसा उमटलेला असल्यामुळे मराठी वाचकांस हे नाव परके नाही. मात्र धर्मचर्चेचा हा दुसरा ग्रंथ आपल्याकडे नावानेच अधिक माहीत आहे.

या ग्रंथाची जन्मकथा मोठी बोधप्रद आहे. पहिला भाग पेनने १७९३ साली पॅरिसमध्ये, राज्यक्रांतीचा कहर चालू असताना लिहिला. डिसेंबरअखेर त्याला अटक झाली, तेव्हा तुरुंगाच्या वाटेवरच त्याने हस्तलिखित आपल्या स्नेह्याच्या, जोएल बार्लोच्या, हवाली केले. हा भाग लिहिताना त्याच्याजवळ बायबलची प्रत नव्हती आणि ती मिळणेही शक्य नव्हते, असे त्याने पुढे स्वतःच नमूद केले आहे. सुटकेनंतर त्याने बायबल मिळविले आणि ते समोर ठेवून दुसरा भाग लिहिला. तो १७९५ साली प्रसिद्ध झाला. एकच लेखक, एकच विषय, आणि एकदा ग्रंथावाचून तर एकदा ग्रंथासह केलेले लेखन. आपल्या प्रश्नाची याहून चांगली कसोटी मिळणे कठीण.

पेन नास्तिक होता काय, अशी शंका येथे निघेल. तो एका परमेश्वरास मानी, आणि फ्रान्समध्ये पसरत असलेल्या निरीश्वरवादाची त्याला धास्तीच वाटत होती. तरीही पुढे थिओडोर रूझवेल्टने त्याची गणना नास्तिकांतच केली. आपल्याला याचे नवल वाटू नये. मनुस्मृतीने वेदांची निंदा करणाऱ्यासच नास्तिक म्हटले आहे. उलट जगाचा कर्ता असा ईश्वर न मानणारे मीमांसक वेदप्रामाण्यामुळे आस्तिकांत बसले. देव नाकारणे आणि ग्रंथ नाकारणे या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हे आपल्या परंपरेस पूर्वीपासून ठाऊक होते. आमच्या मते प्रस्तुत वादाची किल्लीही याच भेदात आहे.

पहिल्या भागातील पेनचा मुख्य मुद्दा साक्षात्काराविषयी आहे. ज्याला साक्षात्कार झाला त्याच्यापुरताच तो साक्षात्कार होय. त्याने तो दुसऱ्यास सांगितला की ती ऐकीव गोष्ट झाली, आणि ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवण्याचे बंधन कोणावरही नाही. हा युक्तिवाद करण्यासाठी बायबलचे एक पानही उलटावे लागत नाही. तो कोणत्याही साक्षात्कारी ग्रंथास सारखाच लागू पडतो, आणि हेच त्याचे बळ आहे. परंतु त्याची मर्यादाही तीच आहे. हा युक्तिवाद बायबलविषयी विशेष असे काहीच सांगत नाही. जेथे पेनला ग्रंथाविषयी नेमके बोलायचे आहे तेथे तो अडखळतो. ईयोबाच्या पुस्तकातील उतारे द्यावेत असे त्याच्या मनात येते. पण ते नीट आठवत नाहीत, अशी कबुली त्याला द्यावी लागते.

दुसऱ्या भागात लेखणीची चालच पालटते. पंचग्रंथी मोशेने लिहिली या समजुतीवर पेन बायबलमधीलच पुरावे घेऊन तुटून पडतो. उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात अब्राहाम शत्रूचा पाठलाग करीत ‘दान’ येथवर जातो. पण लईश नगरास दान हे नाव मोशेच्या कितीतरी मागाहून पडले, हे ‘शास्ते’ या पुस्तकावरून दिसते. अनुवादाच्या अखेरीस तर मोशेच्या मृत्यूची आणि दफनाची हकीकत आहे. ती मोशे कशी लिहील? हे प्रश्न पेनच्याही आधी विद्वानांनी उपस्थित केले होते; पण सामान्य माणसाच्या भाषेत ते त्याने मांडले. याचा परिणाम काय झाला पाहा. लँडॅफचे बिशप रिचर्ड वॉटसन यांना १७९६ साली पेनला उद्देशून पत्रांचा एक ग्रंथच लिहावा लागला. एखाद्या पुस्तकात मागाहून थोडी भर पडली म्हणून सारे पुस्तक खोटे ठरत नाही, अशा आशयाचा बचाव त्यांनी केला. बचाव बरा की वाईट, हा प्रश्न निराळा. वाद मात्र दोघांच्याही समोर असलेल्या मजकुरावर आला. सरकारलाही या ग्रंथाची भीती वाटली. तो छापल्याबद्दल १७९७ साली टॉमस विल्यम्स दोषी ठरला, तर १८१९ मध्ये दोषी ठरलेल्या रिचर्ड कार्लाइलची तुरुंगातून सुटका १८२५ साली झाली.

असे असले तरी पेनचे वाचन आम्ही आदर्श मानीत नाही. तो बायबल वाचतो ते उलटतपासणी घेणाऱ्या वकिलासारखे. रूथच्या पुस्तकाचीच गोष्ट घ्या. ही एका भटक्या खेडवळ पोरीची ओबडधोबड कहाणी आहे, असा शेरा मारून आणि निदान तीत रक्तपात नाही एवढे श्रेय देऊन तो पुढे जातो. वस्तुतः रूथ ही मवाबी, म्हणजे परकी. नवरा मेल्यावर सासू नामीची साथ न सोडता ती परमुलखात येते, जवाच्या शेतात सरवा वेचते, बवाजाशी विवाह करते, आणि तिच्याच वंशात दावीद राजा जन्मतो. मवाब्यांना परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही असा निर्बंध अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. म्हणजे जिला मंडळीबाहेर ठेवायचे तीच राजाची पणजी ठरते! बायबल हे एकसुरी शब्द नसून त्यात परस्परांशी वाद करणारे अनेक आवाज आहेत, हे दाखविण्यास याहून समर्पक उदाहरण कोणते? पेनला ते दिसले नाही, कारण तो केवळ विसंगती वेचण्यास बसला होता.

हा वाद अजून निवालेला नाही. २००६ साली रिचर्ड डॉकिन्स यांचा ‘दि गॉड डिल्यूजन’ प्रसिद्ध झाला, तेव्हा टेरी ईगलटन यांनी त्यांच्यावर धर्मशास्त्राच्या अज्ञानाचा आरोप केला. त्यावर पी. झेड. मायर्स यांनी नागव्या राजाची गोष्ट पुढे केली. राजाच्या वस्त्रांवरील पांडित्यपूर्ण ग्रंथ न वाचताही तो नागवा आहे हे दिसते, असे त्यांचे म्हणणे. ईश्वराच्या अस्तित्वापुरते ते आम्हांस मान्य आहे. बायबलच्या अर्थाविषयी बोलताना ते लंगडे पडते. अज्ञान केवळ नास्तिकांच्याच वाट्यास आले आहे असेही नाही. अमेरिकेतील प्यू संस्थेने २०१० साली धर्मविषयक ३२ प्रश्न विचारले, तेव्हा सरासरी १६ उत्तरे बरोबर आली, तर नास्तिक व अज्ञेयवादी यांची २०.९. मात्र बायबल व ख्रिस्ती धर्म यांवरील १२ प्रश्नांत मॉर्मन (७.९) आणि गोरे इव्हँजेलिकल (७.३) त्यांच्यापुढे (६.७) होते. नास्तिकाला बहुधा सर्वच धर्मांची थोडीथोडी माहिती असते. समोरचा मनुष्य आपल्या एका ग्रंथात मुरलेला असतो.

आपल्या शास्त्रार्थात पूर्वपक्ष मांडल्यावाचून उत्तरपक्षास उभे राहता येत नसे. पूर्वपक्ष दुसऱ्याच्या तोंडून घेतला म्हणजे काय होते, हे चार्वाकांवरून दिसते. त्यांचे ग्रंथ लुप्त झाले आणि आज ते आपल्याला मुख्यतः विरोधकांच्या लेखणीतूनच कळतात. ऋण काढून तूप पिणारा एवढेच त्यांचे चित्र लोकांत उरले. इहवादी माणसास हा अन्याय खुपत असेल, तर तोच अन्याय त्याने इतरांच्या ग्रंथावर करू नये.

आमचे बरेच वाचक नोकरीच्या निमित्ताने कोहिमा, ऐझॉल वा कोट्टायम अशा ठिकाणी राहिलेले आहेत. तेथे ख्रिस्ती मनुष्य हा वादातील काल्पनिक प्रतिपक्ष नसतो. तो शेजारी असतो, कचेरीतला सहकारी असतो. देव नाही एवढेच त्याला सांगायचे असेल तर बायबल न वाचताही खुशाल सांगावे. पण तुमचा ग्रंथ असा आहे, असे एक वाक्य जरी उच्चारायचे असेल, तरी तो ग्रंथ उघडलाच पाहिजे. पूर्ण बायबल मराठीत येऊन पावणेदोनशे वर्षांवर होत आली. त्यामुळे भाषेची सबबही आपणांस नाही. आरंभ कोठून करावा असे कोणी विचारील, तर रूथच्या पुस्तकापासून करावा असे आम्ही सुचवू. ते अवघ्या चार अध्यायांचे आहे, आणि ते वाचून कोणाचे मत बदलले नाही तरी वादाची पातळी खचित सुधारेल.