नारबाचा हिशोब

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या ओटीवर पाच-सात माणसं जमतात आणि कादंबरीवरून भांडतात. भांडतात हाच शब्द बरोबर. चर्चा वगैरे म्हणायला आमच्यात कुणी तेवढं शिकलेलं नाही. एक मास्तरीणबाई सोडल्या तर. त्या मूळच्या कागल तालुक्यातल्या, लग्न होऊन बदलापुरात आल्या आणि इथल्याच शाळेतून निवृत्त झाल्या. दुसरे अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत जन्म काढलेले काका. तिसरा उल्हासनगरचा कापडवाला शेठ. कॅम्प चारला दुकान, घरात सिंधी, पण मराठी माझ्यापेक्षा जास्त वाचतो. एक भाचा येतो, तो बहुतेक चहासाठी. आणि मी, दहावी झालेला भातशेतकरी. पुस्तकं कधी शेठ आणतो, कधी बदलापुरात श्याम जोशींनी उभ्या केलेल्या ग्रंथसखा वाचनालयातून येतात. बाकी माझ्या पेटीतली.

पेटीतलं 'गोतावळा' काढलं तेव्हा ते फुगलेलं होतं. २००५ च्या २६ जुलैला उल्हास नदी घरात शिरली, तेव्हाची ती खूण. पानं वाळली पण चापून बसली नाहीत परत. आनंद यादवांची ही कादंबरी १९७१ ची. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा तिशीत होतो, दावणीला दोन बैल होते, आणि एका रात्रीत वाचून ढसाढसा रडलो होतो. बायको उठून बसली, म्हणाली काय झालं? म्हटलं, काही नाही, बैल विकले. ती तशीच उठून गोठ्यात बघून आली.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नारबा नावाचा एक गडी दुसऱ्याच्या मळ्यात राबतो. त्याचं लग्न नाही, स्वतःचं घर नाही. मळ्यातली जनावरं हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो. मग एकेक जनावर जड होत जातं, दावण रिकामी होते, आणि शेवटाला नारबाही त्या मातीतून उपटला जातो. गोष्ट म्हणून इतकीच. पण ती सगळी नारबाच सांगतो, आणि तीही त्याच्या कोल्हापुरी बोलीत. नुसते संवाद बोलीत आणि मधलं पुस्तकी, असं नाही. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत नारबाच्या तोंडचं.

आमच्या लोकांना पहिली वीस पानं जड गेली. आगरी-कुणबी कानाला तो हेल परका. मग बाईंनी मोठ्यानं वाचायला घेतलं आणि चमत्कार झाला. बोली डोळ्यांनी वाचायची नसते, कानांनी वाचायची असते, हे त्या दिवशी कळलं. भाचासुद्धा चहा विसरला.

त्याच्या आधीच्या महिन्यात आम्ही 'बनगरवाडी' केली होती. माडगूळकरांची, १९५५ ची. तीही मला आवडते, पण दोन्ही पाठोपाठ वाचल्या म्हणून एक फरक ध्यानात आला. 'बनगरवाडी'त शेकूला दुसरा बैल मिळत नाही तेव्हा त्याची बायको जुवाला खांदा देते. ते वाचताना अंगावर काटा येतो, पण सांगणारा कोण, तर मास्तर. चांगल्या मनाचा, गावासाठी तालीम बांधून घेणारा, तरी सरकारी पगाराचा माणूस. दुष्काळ पडतो, धनगर मेंढरं घेऊन निघून जातात, वाडी ओस पडते, आणि मास्तरही जातो. त्याला जायला जागा आहे. म्हणजे 'बनगरवाडी' बांधावर उभं राहून पाहिलेली आहे, आणि 'गोतावळा' तासातून, नांगराच्या मागून. बांधावरून चित्र चांगलं दिसतं, पूर्ण दिसतं. तासातून बैलाचं ढुंगण आणि पुढची चार हात जमीन दिसते. यादवांनी तेवढंच दाखवलं आणि त्यात सगळं आणलं, ही त्यांची करामत.

काकांना हे पटलं नाही. ते समीक्षेची पुस्तकं वाचून येतात. म्हणाले, ''कादंबरीचा विषय यंत्रयुग आहे. यंत्र विरुद्ध माणूस.'' तीस वर्षं यंत्रावर उभं राहिलेला माणूस यंत्राला शिव्या देतोय, याची मला गंमत वाटली. मी म्हटलं, ''काका, चिखलणीत बैलांमागे चाललायत कधी? माझे गुडघे विचारा.''

इथं थोडं शेतीचं सांगावं लागेल. कागलकडचा विहिरीचा मळा आणि आमचं भाताचं खाचर यांत फार अंतर. मळ्यात बाराही महिने काम, बैल आणि गडी रोज एकमेकांच्या संगतीत. आमच्याकडे पावसाचं एकच पीक. राब भाजायचा, पेरायचं, पाऊस लागला की नांगरणी, चिखलणी, मग आवण उपटून लावणी. मागून ओलीवर वाल टाकला तर टाकला. बैलाचं खरं काम महिना-दीड महिना, आणि पेंढा-पाणी बारा महिने. खाचरं लहान म्हणून आमच्याकडे ट्रॅक्टर आधी नाही आला, पॉवर टिलर आला. मीही घेतला, कर्ज काढून. बैल विकले. 'गोतावळा' वाचून रडलेला मीच तो. आज आमच्या पट्ट्यात बैल जास्त दिसतो तो शर्यतीचा. त्याला खुराक आहे, झूल आहे, फ्लेक्सवर फोटो आहे. २०१४ ला कोर्टानं शर्यती बंद केल्या होत्या तेव्हा लोक रस्त्यावर आले. नांगराचे बैल गेले तेव्हा कुणी आल्याचं मला आठवत नाही.

तर मी काकांना म्हटलं की यंत्राचा काही दोष नाही. यादवांनी मालकाला खलनायक केलेलं नाही, हे नीट बघा. त्याला ट्रॅक्टर हवासा वाटतो यात पाप नाही, मलाही वाटला. सिनेमात असता तर मिशीला पीळ देत आला असता. इथं तो चारचौघांसारखा शेतकरी आहे, आणि म्हणूनच जास्त बोचतो.

एवढ्यात शेठ बोलला. तो एरवी शेवटी बोलतो. 'बनगरवाडी'च्या वेळी वाडी ओस पडते तिथं तो गप्प झाला होता, आणि जाता जाता म्हणाला होता की त्याचा बाप सिंधहून निघताना भांडीकुंडी सोडून उधारीची वही घेऊन आला. देणेकरी सगळे तिकडेच राहिले. बाप मरेपर्यंत ती वही जपत होता. आज तो म्हणाला, ''दादा, एक बात सांगू? तुम्ही सगळे बैलांसाठी रडता. नारबाचा हिशोब कुणी केला?''

बाई म्हणाल्या, ''म्हणजे?''

''म्हणजे इतकी वर्षं राबला. जाताना हातात काय?''

कुणी बोललं नाही. मग तो माझ्याकडे वळला. ''दादा, तुमच्याकडे पण गडी होता ना?''

होता. वडिलांच्या वेळेपासूनचा, डोंगराकडच्या पाड्यावरचा कातकरी. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. मला नांगर धरायला त्यानं शिकवलं, बापानं नाही. वर्षाचं ठरलेलं भात, दोन कपडे, पावसाळ्याआधी इरलं. टिलर आणला त्या साली तो राब भाजायला आला, आणि पाऊस लागल्यावर दारात उभा राहिला. म्हणाला, ''दादा, बैल नाय त मी कनाला येऊ?'' मी म्हटलं, ये रे, लावणीला ये. लावणीला आला. पुढल्या साली आला नाही. वीटभट्टीवर गेला असं कळलं. त्याचं आधीच्या सालचं चार मण भात माझ्याकडे राहिलं होतं. आई दोनदा म्हणाली, ''त्याचा देऊन टाक रं.'' मी म्हटलं, येईल तेव्हा नेईल. तो आला नाही, आणि मीही पाड्यावर गेलो नाही. पाडा चार किलोमीटर आहे.

हे मी ओटीवर सांगितलं नाही. होता, इतकंच म्हटलं आणि चहा आणायला आत गेलो.

रात्री कादंबरी परत काढली आणि यादवांवर रागावायच्या इराद्यानं वाचली. माझा आरोप तयार होता. नारबाला एकटा ठेवून तुम्ही दुःख सोवळं करून टाकलंत. आमच्या गड्याला बायको होती, तीन पोरं होती, त्याचा गोतावळा काही माझे बैल नव्हते. जनावरासाठी रडणं सोपं असतं. जनावर मजुरी मागत नाही. वाचकाला बैलांच्या गळ्यात पडायला लावलंत आणि गड्याचं देणं तसंच राहिलं. यादव स्वतः कागलचा मळा सोडून शिकायला गेलेले. त्यांची 'झोंबी' तेच सांगते, शाळेसाठी बापाशी घेतलेली झुंज. त्या पुस्तकाला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मळा सुटलेल्या माणसाला मागचं सगळं गोड दिसत असणार, असंही मनात आलं.

पण वाचत गेलो तसा आरोप ढिला पडत गेला. जनावरांच्या माजाचं, गाभण राहण्याचं, विण्याचं नारबा इतक्या बारकाईनं सांगतो, ते मी तिशीत शेतकऱ्याच्या कौतुकानं वाचलं होतं. बरोबर लिहिलंय, असं मनात म्हणत. या वेळी दिसलं की तो स्वतःची भूक सांगतोय. प्रत्येक जनावराला जोडी मिळते, वासरू होतं, आणि त्यांचं बघणारा तसाच राहतो. त्याचं तरणेपण दुसऱ्याच्या मळ्यात गेलं, हाच त्याचा हिशोब. यादवांनी तो पानोपानी मांडून ठेवलाय, फक्त बेरीज करून दिली नाही. मालकाला ती दिसत नाही, कारण तो मालक आहे. मलाही तिशीत दिसली नाही. मी स्वतःला नारबा समजून रडत होतो, तेव्हा गोठ्यात माझा गडी झोपलेला होता.

एक तक्रार मात्र माझी अजून आहे. नारबाच्या बोलण्यात कुठंकुठं उपमा फार दाटीनं येतात. राबून आलेला माणूस इतका ओळीनं सुंदर बोलत नाही. तिथं मला नारबामागे मराठीचे प्राध्यापक बसलेले दिसतात. बाईंना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, आमच्याकडं बायका भांडतानासुद्धा असंच बोलतात. असेल. आमचा गडी दिवसाला दहा वाक्यं बोलायचा, त्यातली सहा बैलांशी.

पुढच्या रविवारी भांडणाचा धागा तिथूनच उचलायचा असं ठरलं, पण पाऊस लांबला, लावणी उशिरा झाली आणि बैठक राहिली. शेठनं मध्ये फोन करून अण्णाभाऊंची 'फकिरा' घेऊन येतो म्हणून सांगितलं. भातासाठी दोन पोती वेगळी काढून ओटीच्या कोपऱ्यात ठेवली आहेत. बायकोनं विचारलं कुणाची. सांगितलं. ती म्हणाली, ''त्याची बायको वीटभट्टीवरून परत आल्ये म्हणतात, पाड्यावरच असते.'' पोती अजून कोपऱ्यातच आहेत. दुसऱ्या रविवारी शेठ आला की ती त्याच्या नजरेला पडणार.