अफवा आणि खून यांच्यामधला वेळ

१ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने धरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि मारहाण करून ठार केले. मुले पळवणाऱ्यांच्या अफवा त्याआधीपासून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होत्या. अशा घटनांवर झालेले संशोधन मी गेली काही वर्षे वाचत आलो आहे. ते अफवेपाशी थांबते आणि सरकारी आकडेवारी मृतदेहापासून सुरू होते. मधला वेळ कोणाच्याच वाट्याला येत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. दोष यंत्राचा आणि ते नीट न कळणाऱ्या अडाणी माणसाचा, असा समज तेव्हा रूढ होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या शकुंतला बनाजी आणि राम भट यांच्या २०१९च्या अहवालाने तो खोडून काढला. माणसे खोटा मजकूर पुढे पाठवतात ते फोन कळत नाही म्हणून नव्हे. मनात आधीच असलेल्या पूर्वग्रहाला तो पटतो म्हणून, असे या अहवालाचे सार आहे. संशोधनाला पैसा व्हॉट्सअ‍ॅपच्याच निधीतून मिळाला असताना हा निष्कर्ष निघाला, याचे मोल मी मानतो. तरी या अभ्यासाच्या केंद्रस्थानी फोन वापरणारा माणूसच राहतो. कोंडलेल्या खोलीची किल्ली कोणाकडे होती, पोलिसांना पहिला फोन कधी गेला, अडवायला कोण पुढे झाले, हे प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाहीत.

दुसरी परंपरा दंगलींच्या अभ्यासाची. आशुतोष वार्ष्णेय यांच्या २००२च्या ग्रंथाचा आधार म्हणजे टाइम्स ऑफ इंडियाच्या मुंबई आवृत्तीतल्या बातम्यांवरून केलेली नोंद. तीनुसार १९५० ते १९९५ या काळात हिंदू-मुस्लिम दंगलींतल्या मृत्यूंपैकी जेमतेम ३.६ टक्के खेड्यांतले. म्हणून त्यांचे लक्ष शहरांवर आहे. ज्या शहरात दोन्ही समाजांचे लोक एकाच संघटनेत, धंद्यात, मंडळात एकत्र असतात, तिथे ठिणगी पडली तरी वणवा होत नाही, असे ते सांगतात. धुळे शहराला ही चौकट लागू पडते. ६ जानेवारी २०१३ रोजी हॉटेलच्या बिलावरून झालेल्या वादाची दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले. पण राईनपाड्याला ती अपुरी आहे. मारले गेलेले भटके होते. गावातल्या कोणत्याच मंडळात त्यांना जागा असणे शक्य नव्हते. जळगाव जिल्ह्यात जामनेर तालुक्यात ऑगस्ट २०२५मध्ये विशीतल्या एका तरुणाचा जमावाच्या मारहाणीत मृत्यू झाला. तो तर परकाही नव्हता, तालुक्यातलाच होता. अनोळखीपणा हे एकच कारण धरून चालले, तर ही दुसरी घटना हातातून निसटते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे तक्ते या कोड्यात फारशी मदत करत नाहीत. एका गुन्ह्यात अनेक कलमे असली तर सर्वांत गंभीर कलमाखालीच त्याची मोजणी होते. त्यामुळे असा प्रकार ‘खून’ या रकान्यात जातो आणि जमाव, अफवा, बाजार सारे पुसले जाते. राईनपाड्यानंतर बरोबर सहा वर्षांनी, १ जुलै २०२४ रोजी, भारतीय न्याय संहिता लागू झाली. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या खुनाला तिच्या कलम १०३(२)मध्ये वेगळे स्थान मिळाले. मूल पळवल्याचा संशय मात्र या यादीत सरळ बसत नाही.

मधल्या वेळेकडे खरे लक्ष दिले ते न्यायालयाने आणि एका पोलीस अधिकाऱ्याने. १७ जुलै २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला समन्वय अधिकारी नेमायला सांगितले आणि कुचराई करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाईचा आदेश दिला. त्याच्या कितीतरी आधी सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. १९८४ला होरपळलेली भिवंडी १९९२-९३ला शांत राहिली. ऐन वेळी हाक मारायला ओळखीचा माणूस हवा, तर ती ओळख आधीच करून ठेवावी लागते, हे त्यांनी दाखवले.

जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार हेच त्याचे क्षेत्र. आठवडे बाजार, पोलीस ठाण्यातल्या नोंदी, पोलीस पाटलांची कामे आणि वस्तीवरची तरुण पोरे यांचा अभ्यास इथूनच व्हायला हवा, आणि तो अहिराणी, भिली, कोकणा बोलीत प्रश्न विचारून व्हायला हवा. जमावातला प्रत्येक जण मारणारा नसतो. काही नुसते उभे असतात. ते उभे राहिलेले तरुण काय केल्याने पुढे होऊन हात धरतील, एवढे जरी संशोधनाने शोधले, तरी पुढच्या बाजारात कोणाचा तरी जीव वाचेल.