'विवाहसदृश' नात्याची कसोटी : 'मित्राची गोष्ट' आणि 'चारचौघी'

विवाहसंस्थेबाहेरील नात्यांचा प्रश्न मराठी नाटकाने कायद्याच्या बराच आधी हाताळला. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये, तर प्रशांत दळवी यांचे 'चारचौघी' १९९१ मध्ये रंगभूमीवर आले. या नाटकांतील धाडसाचा उल्लेख नेहमी होतो. मात्र त्यांतील नात्यांकडे कायदा कोणत्या दृष्टीने पाहतो, हा प्रश्न मागे राहतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

'चारचौघी'तील आई एका विवाहित पुरुषाशी नाते जोडते आणि तीन मुलींना स्वाभिमानाने वाढवते. तिची प्रतिष्ठा विवाहावर नव्हे, तर निभावलेल्या जबाबदारीवर उभी आहे, हे या नाटकाचे खरे सामर्थ्य होय. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या अधिनियमाने 'विवाहाच्या स्वरूपाच्या' नात्यालाही संरक्षण दिले. तथापि वेलुसामी खटल्यात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने ठरविलेल्या कसोट्यांनुसार जोडप्याने समाजात पतिपत्नीप्रमाणे वावरणे आणि दोघेही विवाहास पात्र असणे आवश्यक आहे. इंद्रा सरमा खटल्यात (२०१३) पुरुष विवाहित असल्याचे ठाऊक असूनही त्याच्यासोबत राहिलेल्या स्त्रीला हे संरक्षण नाकारण्यात आले. 'चारचौघी'तील आईलाही हाच न्याय लागू झाला असता. अशा प्रकरणात विवाहित पत्नीचा हक्क दुर्लक्षिता येत नाही, हे खरेच. परंतु एकीचा हक्क राखण्यासाठी दुसरीला सर्वस्वी निराधार ठेवणे अपरिहार्य आहे काय, हा प्रश्न उरतो.

'मित्राची गोष्ट'मधील सुमित्रेची स्थिती याहून बिकट आहे. तिचे नमावरील प्रेम तेंडुलकरांनी विलक्षण सहानुभूतीने, परंतु बापू या मित्राच्या निवेदनातून मांडले आहे. नाटक तिला उत्कटता देते, अखेरीस मृत्यू देते. घर मात्र देत नाही. दोन स्त्रियांचा संसार कसा असेल, याची कल्पना येथे कोठेही आकार घेत नाही. ही या नाटकाची मर्यादा म्हणावी लागेल.

हीच उणीव पुढे कायद्यातही दिसते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. परंतु १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालात विवाहाचा मूलभूत हक्क एकमताने, तर नागरी सहजीवनाच्या मान्यतेचा हक्क तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने नाकारला गेला. २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने अशा जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास व परस्परांचे नामनिर्देशन करण्यास आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले. ही सोय उपयुक्त असली, तरी नामनिर्देशित व्यक्ती केवळ त्या नात्याने वारस ठरत नाही. मृत्युपत्र नसेल, तर आयुष्यभराची सोबत वारसाहक्काच्या दृष्टीने शून्य ठरते.

सारांश, कायदा नात्याचे विवाहाशी असलेले साम्य तपासतो. 'चारचौघी' त्या नात्यातील जबाबदारी तपासते. आईचे नाते विवाहित पुरुषाशी असल्यामुळे ती या कसोटीवर उतरत नाही. सुमित्रेला तर विवाहाची पात्रताच नाही. म्हणून परस्परावलंबन, एकत्र उभारलेले घर आणि आजारपणात घेतलेली काळजी यांना हक्कांचा स्वतंत्र आधार मानणे आवश्यक आहे. अन्यथा सहजीवनाला मान्यता मिळेल ती केवळ विवाहाची नक्कल म्हणूनच.