चित्रातील शोधक आणि चित्राबाहेरचा उपवास

इजिप्तच्या प्राचीन वास्तूंचा शोध घेणाऱ्या आरंभीच्या युरोपीय प्रवाशांत जोव्हानी बात्तिस्ता बेल्झोनी (१७७८–१८२३) याचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. पादुआ येथील एका न्हाव्याचा हा मुलगा तरुणपणी रोममध्ये मठवासी होण्याच्या तयारीत होता. १७९८ साली फ्रेंच सैन्य रोममध्ये आले आणि त्याच्या आयुष्याची वाट बदलली. पुढे लंडनच्या सॅडलर्स वेल्स रंगमंचावर अचाट शक्तीचे प्रयोग करून त्याने पोट भरले.

१८२० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासग्रंथाचे मुखचित्र मॅक्सिम गाउचीने काढले आहे. डोक्याला फेटा, भरघोस दाढी, अंगावर पौर्वात्य पेहराव. रंगमंचावरील बलदंड पुरुष येथे जणू वाळवंटाचा स्वामी झाला आहे. चित्र मनावर ठसते; मात्र हा ठसा रुबाबाचा आहे, अंतरंगाचा नव्हे.

याच ग्रंथाच्या जोडीला निघालेल्या चित्रसंग्रहात एक अधिक बोलके चित्र आहे. थीब्झ येथील रामसेस दुसरा याच्या पुतळ्याचा सात टनांहून अधिक वजनाचा शिरोभाग बेल्झोनीने १८१६ साली नाईलकाठी आणवला. आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. चित्रात दिसतो तो लाकडी गाड्यावरचा पाषाण, दोर, आणि ते ओढणाऱ्या माणसांच्या रांगा. पाषाणाच्या चेहऱ्याला भाव आहे. माणसांना चेहराच नाही. पाषाणाची भव्यता दाखवण्यासाठी माणसे लहान काढावी लागतात, हे मान्य. परंतु लहान काढणे वेगळे आणि पुसट करणे वेगळे.

नवल असे, की चित्राने जे गाळले ते बेल्झोनीच्या लेखणीने टिपले आहे. ते दिवस रमजानचे होते. भर उन्हात, धुळीत दोर ओढणारे, जड वासे वाहणारे हे मजूर सूर्यास्तापर्यंत अन्नपाण्याला शिवत नसत. असे श्रम कोणाही युरोपीयाला झेपले नसते, अशी कबुली तो देतो. उपवासकाळात एक वेळचे जेवण सोडताना आपली होणारी घालमेल आठवली, म्हणजे या कबुलीचे मोल कळते.

येथे निर्गमचा पहिला अध्याय आठवतो. त्यात फारोचे नाव नाही. पण इब्री बालकांना वाचवणाऱ्या शिप्रा व पुवा या सुइणींची नावे आहेत. पवित्र लेखकाने राजाला अनामिक ठेवले आणि सेवा करणाऱ्यांना नावाने ओळखले. बेल्झोनीच्या चित्राने नेमके उलट केले.

म्हणून हे चित्र त्याच्या ग्रंथासोबतच पाहावे. चित्रात एका राजाचे मस्तक सरकताना दिसते. ते सरकवणाऱ्या हातांची तहान मात्र शब्दांतच उरली आहे. कलाकृती म्हणून चित्र देखणे आहे; साक्ष म्हणून ग्रंथ अधिक प्रामाणिक आहे.