श्रम, वाचन आणि आत्मविकास : गिरणगावाच्या साहित्याची साक्ष

आत्मविकास आणि सार्थ कर्म या विषयांवरील पुस्तकांना मराठीत मोठा वाचकवर्ग आहे; परंतु एक वाङ्मयप्रकार म्हणून त्यांची चिकित्सा क्वचितच होते. या लेखनाच्या मुळाशी सामान्यतः दोन गृहीतके असतात. माणसाची उन्नती त्याच्या निश्चयावर अवलंबून असते, हे पहिले. आणि कामाला अर्थ लाभतो तो काम करणाऱ्याच्या वृत्तीमुळे, हे दुसरे. दोहोंत तथ्य आहे. ते पुरेसे आहे काय, एवढाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यास जे साहित्य उपयोगी पडते, ते मात्र आत्मविकासाच्या नावाने ओळखले जात नाही. ते मुंबईच्या गिरणगावात जन्मले.

प्रथम मराठीतील प्रस्थापित परंपरा ध्यानात घेतली पाहिजे. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी संन्यासापेक्षा कर्मयोग श्रेष्ठ ठरवला आणि कर्माला नैतिक प्रतिष्ठा दिली. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली पुढे ‘किर्लोस्कर’ म्हणून नावारूपास आलेल्या या मासिकाने मध्यमवर्गीय तरुणाला नोकरीपलीकडील उद्योगाचे स्वप्न दाखविले. या दोन्ही प्रयत्नांचे ऋण मोठे आहे. तथापि, एकाचा वाचक कर्तव्याचा निर्णय करणारा आणि दुसऱ्याचा वाचक व्यवसाय निवडू शकणारा आहे. ज्याला काम निवडता येत नाही आणि कामाचे तासही ठरवता येत नाहीत, अशा माणसाचा आत्मविकास कसा व्हावा, हा प्रश्न या परंपरेच्या केंद्रस्थानी नव्हता.

तो प्रश्न कॉटन ग्रीनच्या परिसरात मूर्त रूपाने उभा राहतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कापसाचा बाजार कुलाब्याहून शिवडीकडे आला, आणि हार्बर मार्गावरील स्थानकाच्या नावात तो आजही टिकून आहे. बंदरालगतच्या या पट्ट्यात गाठींचे सौदे होत. पश्चिमेस लालबाग-परळच्या गिरण्यांत कापसाचे सूत आणि सुताचे कापड होई. गाठ उचलणारा हमाल, साचेखात्यातील विणकर आणि सकाळी काम मिळेल या आशेने फाटकाशी उभा राहणारा बदली कामगार, यांपैकी कोणाच्याही हाती वस्तू आरंभापासून अंतापर्यंत नसे. श्रमाचा अर्थ केवळ वृत्तीने निर्माण करावा, हा उपदेश येथे तोकडा पडतो.

वाचनाला लागणारा वेळही येथे आपोआप मिळाला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली. रविवारची सुटी मिळण्यास १८९० साल उजाडले. १९२२ च्या कायद्याने कामाचा दिवस अकरा तासांवर आणला, १९३४ च्या कायद्याने दहा तासांवर, आणि १९४६ च्या दुरुस्तीने नऊ तासांवर. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रीच्या शाळा व वाचनालये चालविली. अकरा तास उभे राहून आलेल्या माणसाच्या हाती पुस्तक देणे आणि त्याचे तास कमी करणे, ही एकाच कार्याची दोन अंगे होती. आत्मविकासाच्या पुस्तकांत दिनक्रम आखण्याचे उपदेश पुष्कळ असतात. दिवस कोणाच्या मालकीचा, हे मात्र बहुधा विचारलेले नसते.

या भूमीतून नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांची कविता आली. रस्त्यावर सापडलेले मूल, गिरणी कामगार दांपत्याने केलेला सांभाळ, लहानपणापासूनची मोलमजुरी, शाळेतील शिपाईगिरी आणि त्यानंतर शिक्षकाची नोकरी, असा हा जीवनक्रम आहे. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांनी त्यांना मराठी कवितेत स्थान दिले. १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि १९९८ मध्ये पद्मश्री हे सन्मानही लाभले. हे चरित्र आत्मोन्नतीच्या कथेत बसविणे सोपे आहे. तसे ते वारंवार बसविलेही जाते. परंतु कविता त्या मांडणीस विरोध करते. गॉर्कीच्या आत्मचरित्राच्या तिसऱ्या भागाचे स्मरण करून देणाऱ्या ‘माझे विद्यापीठ’ या नावात ‘माझे’ हा शब्द मालकीचा नाही. ते विद्यापीठ रस्त्याचे, कामाचे आणि सोबत्यांचे आहे. ‘मार्क्स’ या कवितेत तर ग्रंथकाराची पहिली भेट ग्रंथात न होता संपाच्या मिरवणुकीत होते, आणि त्याची ओळख करून देते ती कामकऱ्यांमधील एक स्त्री. पुढे कवी फाटकासमोरच्या सभेत बोलतो आणि मार्क्स श्रोता होतो. कळलेले इतरांना समजावून सांगण्याची पात्रता येणे, हीच येथे वाढीची खूण आहे. वाचनाचे फळ वाचकापाशी थांबत नाही.

याची दुसरी बाजू जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात दिसते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर गिरणगावाचा आधारच निसटत गेला. नाटकातील कुटुंबाचा थोरला मुलगा बाबा लेखक होऊ पाहतो. त्याच्यापाशी वाचन आहे, महत्त्वाकांक्षा आहे. परंतु ज्या सामूहिक जीवनातून सुर्व्यांना श्रोते आणि गुरू मिळाले, तेच त्याच्याभोवती विस्कटले आहे. त्याची कुचंबणा केवळ त्याच्या स्वभावदोषाने स्पष्ट होत नाही. निश्चय माणसाचा असला, तरी त्याला रुजण्यास भूमी लागते, हे ‘अधांतर’ या नावानेच सुचविले आहे.

यावरून व्यक्तीचा प्रयत्न गौण ठरतो, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. सुर्व्यांसारखीच परिस्थिती असंख्यांची होती. कविता त्यांनी लिहिली, आणि तिच्यामागील परिश्रम त्यांचेच होते. परंतु परिश्रमाची कथा सांगताना ज्यांनी वेळ मिळवून दिला, शाळा चालविली आणि पहिले पुस्तक दाखविले, त्यांना वगळले की ती कथा खोटी होते. आणि जे मागे राहिले त्यांच्यावर आळसाचा आरोप येतो. आत्मविकासाच्या वाङ्मयाची परीक्षा करताना म्हणून दोन प्रश्न विचारले पाहिजेत : त्यात वाचकाच्या वेळेचा आणि सोबतीचा विचार आहे काय, आणि वाचून वाढलेला माणूस अखेर कोणाच्या उपयोगी पडतो? या कसोटीवर सुर्व्यांची कविता उतरते, आणि मराठीत आत्मविकासाचे उत्तम वाङ्मय म्हणून तिचा निर्देश करण्यास हरकत नाही.