गाणे कोठून येते?

बोलपटातील गाणे गोड आहे की नाही, याची चर्चा आपल्याकडे हिरीरीने होते. ते कथेत कोठून येते, याची विचारपूस मात्र क्वचितच होते. आमच्या मते हा दुसरा प्रश्नच अधिक मोलाचा आहे.

‘प्रभात’चा ‘कुंकू’ (१९३७) पाहावा. दिग्दर्शक व्ही. शांताराम आणि संगीतकार केशवराव भोळे यांनी त्यात पार्श्वसंगीताचा आधार नाकारला. उतारवयाच्या विधुर वकिलाशी फसवून विवाह लावलेली नीरा त्या घरात वावरते, तेव्हा ऐकू येतात ते त्या घरातलेच आवाज. केव्हा हळहळावे, हे प्रेक्षकास सांगावयास कोणतेही वाद्य पुढे येत नाही. अशा नीरवतेत शांता आपटे यांची नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाऊ लागते, तेव्हा तो केवळ श्रवणसुखाचा प्रसंग राहत नाही; एका शिकलेल्या स्त्रीचा स्वाभिमानच तेथे बोलू लागतो.

कोकणीतील ‘नाचूंया कुंपासार’ (२०१४) याच्या नेमक्या उलट वाटेने जातो. येथे गाणी आधीची आहेत, कथा नंतरची. ख्रिस पेरी यांनी रचलेली आणि लोर्ना यांच्या कंठाने घरोघर पोहोचविलेली गीते घेऊन बार्ड्रॉय बार्रेटो यांनी त्यांभोवती कथा गुंफली. यात एक धोका असतो. ओळखीच्या सुराबरोबर प्रेक्षकाच्या स्वतःच्या आठवणी जाग्या होतात आणि त्या उसन्या भावनेवर चित्रपट सहज तरून जातो. काही ठिकाणी तसे झालेही आहे. एक भाव पुरता उमलण्यापूर्वीच पुढचे गाणे दाराशी उभे राहते.

तथापि, नायक वादक आणि नायिका गायिका असल्यामुळे गाणे हा येथे त्यांचा चरितार्थ आहे, तालीम आहे, कलहही आहे. मुंबईच्या हिंदी चित्रपटांसाठी असंख्य गोमंतकीय वादकांनी आयुष्यभर वाजविले. पडद्यावर त्यांची नावे क्वचितच झळकली. ज्यांचे सूर आपण ऐकले, त्यांचे चेहरे हा चित्रपट आपणांस दाखवितो.

गाणे कोठून येते, या प्रश्नाला एका चित्रपटाने ‘पात्राच्या अंतःकरणातून’ असे उत्तर दिले. दुसऱ्याने ‘ते निर्माण करणाऱ्याच्या श्रमातून’ असे. ज्या चित्रपटापाशी यांपैकी एकही उत्तर नाही, त्यातील गाणी आम्ही घरी बसून खुशाल ऐकू. त्यांसाठी चित्रपटगृहाची पायरी चढण्याचे कारण नाही.