साहित्य कुठून येते? 'टाकाऊतून टिकाऊ' या निकषाविषयी

आपल्या महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनात 'टाकाऊतून टिकाऊ' ही स्पर्धा हमखास असते. करवंट्या, बाटल्यांची झाकणे, फुटक्या बांगड्या यांतून मोर घडतो, ताजमहाल घडतो आणि परीक्षक कल्पकतेला गुण देतात. प्रस्तुत लेखकानेही असे गुण दिलेले आहेत. परंतु वस्तू कशापासून केली याचे कौतुक ओसरल्यावर, त्या साहित्याने कृतीत नेमके काय आणले हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. या दृष्टीने आपल्या परिसरातील दोन उदाहरणे तपासण्याजोगी आहेत.

पहिले उदाहरण जैनूर मंडळातील उशेगावचे (जुना आदिलाबाद जिल्हा, २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद). येथील वोज कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक धागे गुंडाळून नक्षी उठवतात व वरून पुन्हा माती लिंपतात. भट्टीत मेण वितळून वाहून जाते आणि त्या पोकळीत पितळेचा रस ओतला जातो. साचा फोडावाच लागतो, म्हणून एकासारखी दुसरी मूर्ती होत नाही. या 'आदिलाबाद डोक्रा'ला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. येथे कारागिराचा हात ज्या साहित्यावर सर्वाधिक चालतो ते मेण मूर्तीत उरतच नाही. उरतो तो त्याच्या धाग्यांचा ठसा. शोभेची 'आदिवासी वस्तू' म्हणून हे काम वाखाणणारे लेखन नेमके हेच सांगायचे विसरते.

दुसरे उदाहरण सीमेपलीकडचे आहे, तरी परके नाही. राजुरा तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. पुढे तो नांदेडला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. त्या तालुक्यातील सास्ती हे कोळसा खाणीचे गाव प्रभाकर पाचपुते यांचे. त्यांचा जन्म १९८६ चा, घराणे खाणीत राबलेले. खैरागड व बडोदा येथे ते शिल्पकला शिकले, आणि २०१२ मध्ये मुंबईच्या क्लार्क हाऊसमध्ये त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले. भिंतीवर कोळशाने काढलेली माणसे हे त्यांचे मुख्य काम. डोक्याच्या जागी दिवा किंवा घर घेऊन ही माणसे उभी असतात.

'खाणीच्या गावचा मुलगा कोळशाने चित्रे काढतो' हे वाक्य समीक्षकांना फार सोयीचे वाटते. वस्तुतः चित्रकाराचा कोळसा हे जाळलेले लाकूड. खाणीतला दगडी कोळसा वेगळा. म्हणजे केवळ साहित्याच्या नावाने नाते सिद्ध होत नाही. ते सिद्ध होते वाकलेल्या पाठींमुळे आणि हाताला लागणाऱ्या काजळीमुळे. दिव्याच्या डोक्याचे प्रतीक कधीकधी फारच सहज उलगडते, हे मात्र नोंदवले पाहिजे. जेथे शरीर व अवजार वेगळे ओळखूच येत नाहीत, तेथे हे काम अधिक बोलते. २०२१ मध्ये वेल्समधील आर्टेस मुंडी पुरस्कार त्यांना इतर पाच कलावंतांसह विभागून मिळाला. वेल्स हाही जुन्या कोळसा खाणींचा मुलूख. तेथील कामात त्यांनी तिथल्या खाणकामगारांचा इतिहासही घेतला.

यावरून स्पर्धा बंद कराव्यात असे म्हणायचे नाही. गुणपत्रिकेत एक रकाना वाढवता येईल: हे साहित्य कुणाच्या हातून आले? आपल्याकडे कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या जळणाला जातात. पऱ्हाटीचा मोर करणारी विद्यार्थिनी बहुधा ती घरच्या शेतातूनच आणते, आणि वेचणीविषयी तिला परीक्षकापेक्षा पुष्कळ अधिक ठाऊक असते. तिला ते विचारावे.